योग्य जागी आलेला बँड म्हणजे योग्य रिसेप्टर नव्हे

पेशींवरील किंवा पेशींतील रिसेप्टर (संकेत पकडणारे प्रथिन) शोधण्यासाठी अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रथिन) कशी निवडावी, याबाबत संशोधक विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधण्याच्या चाचणीत, अपेक्षित वजनाचा बँड (पट्टा) दिसावा, ब्लॉकिंग पेप्टाइड (अँटीबॉडी ज्यावर तयार केली तो प्रथिनाचा छोटा तुकडा) घातल्यावर तो नाहीसा व्हावा आणि ती अँटीबॉडी अनेक शोधनिबंधांत वापरलेली असावी; एवढे जुळले की आपल्या प्रयोगशाळेत ती पुन्हा तपासण्यात वेळ दवडू नये, असे त्यात सांगितले जाते. सल्ला सद्हेतूने दिला जात असला, तरी हे तिन्ही निकष एकत्र जुळूनही अँटीबॉडी चुकीची असू शकते, आणि तसे घडलेले आहे.

वजनाचा निकष पहिला. रक्तदाबाशी संबंधित अँजिओटेन्सिन टाइप 1 रिसेप्टरसाठी विकल्या जाणाऱ्या सहा अँटीबॉडींची तपासणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. रिसेप्टरचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या ऊतींतही 43 किलोडाल्टनच्या (प्रथिनांच्या वजनाचे एकक) आसपास तोच बँड उमटला. यात नवल नाही, कारण पेशीत हजारो प्रथिने असतात आणि त्यांपैकी कितीतरी एकाच वजनाची असतात. शिवाय अनेक रिसेप्टरांवर साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे खरा रिसेप्टर पुष्कळदा गणिताने काढलेल्या वजनाच्या जागी थांबतही नाही.

ब्लॉकिंग पेप्टाइडचा पुरावा सर्वांत भक्कम वाटतो, म्हणूनच तो अधिक फसवतो. ज्या पेप्टाइडवर अँटीबॉडी तयार केली, तेच पेप्टाइड तिची बंधनस्थाने व्यापून टाकते. मग ती खऱ्या रिसेप्टरला चिकटत असो वा परक्या प्रथिनाला, दोन्ही बँड सारखेच पुसले जातात. एरिथ्रोपोएटिन या रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरची सी-20 ही अँटीबॉडी याचे ठळक उदाहरण आहे. हा रिसेप्टर सुमारे 59 किलोडाल्टनचा आहे, पण सी-20 ने ठळकपणे दाखवलेला बँड 66 वर होता, आणि तो उष्णतेसारख्या ताणात पेशी बनवते त्या ‘हीट शॉक’ प्रथिनांपैकी एचएसपी 70 चा असल्याचे एलियट व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले. हे संशोधक एरिथ्रोपोएटिन विकणाऱ्या ॲमजेन कंपनीचे होते, हे लक्षात ठेवावेच. तरीही ही तपासणी कुणालाही स्वतः करून पाहता येते. प्रश्न नुसत्या ब्लॉटचाही नव्हता. रक्तवाढीसाठी दिलेले हे औषध कर्करोगाच्या गाठीलाच बळ देते का, या रुग्णांच्या जिवाशी निगडित प्रश्नाचे उत्तर याच अँटीबॉडीने रंगवलेल्या ऊतींच्या काचपट्ट्यांवर शोधले जात होते.

शोधनिबंधांच्या संख्येबद्दल फार लिहायला नको. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचा शोध 1996 मध्ये जाहीर झाला. 2017 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्यासाठीच्या 13 अँटीबॉडी तपासल्या, तेव्हा एकच, पीपीझेड 0506, विश्वासार्ह ठरली. तिने पाहिल्यावर स्तनाच्या ऊतीत, निरोगी असो वा कर्करोगग्रस्त, हा रिसेप्टर आढळला नाही. मधल्या वीस वर्षांत बरेच निबंध एकमेकांचा हवाला देत उभे राहिले होते.

आता राहिला वेळेचा आणि पैशांचा मुद्दा. नॉकआउट, म्हणजे जनुक काढून टाकलेला, उंदीर प्रत्येकाला परवडत नाही, हे खरे आहे. परंतु कोणत्या पेशीवंशात (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींत) रिसेप्टरचा आरएनए भरपूर आहे आणि कोणत्यात जवळजवळ नाही, हे ह्यूमन प्रोटीन ॲटलास या माहितीसंचात विनामूल्य पाहता येते. असे दोन पेशीवंश घ्यावेत, ब्लॉटच्या शेजारच्या दोन लेनमध्ये (रांगांत) सारखेच प्रथिन भरावे आणि आरएनए जवळजवळ नसलेल्या पेशींच्या लेनमध्येही बँड तितकाच गडद आला, तर ती कुपी बाजूला ठेवावी. फरक दिसला, तर एसआयआरएनए या छोट्या आरएनए-तुकड्याने जनुक दाबून बँड फिका होतो का, हे पाहावे. अँटीबॉडी पॉलिक्लोनल (प्राण्याच्या सीरममधून मिळवलेले अनेक अँटीबॉडींचे मिश्रण) असेल, तर लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि नवा लॉट आला की हीच तपासणी पुन्हा करावी, कारण त्या कुपीतला सीरम बहुधा वेगळ्या सशाचा असतो.