‘यूपीएस आता कशाला?’ या दाव्याला उत्तर

‘एसएसडी आली, ऑटोसेव्ह आलं, इन्व्हर्टर आहेच, मग पाच मिनिटांत मान टाकणाऱ्या यूपीएसवर पैसे कशाला घालवायचे?’ असा एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. (यूपीएस म्हणजे वीज गेल्यावर संगणकाला काही मिनिटं बॅटरीवर चालवणारा खोका, आणि एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कऐवजी चिप्सवर माहिती साठवणारी ड्राइव्ह.) त्यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तो चटकन पटतो.

‘एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तिला धोका नाही.’ गंमत म्हणजे वीज तुटल्यावर काय करायचं, हे हार्ड डिस्कला नीट माहीत असतं. फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातून वीज मिळवून ती आपलं हेड सुरक्षित जागी नेते. एसएसडीची अडचण निराळी आहे. कोणती माहिती कुठल्या कप्प्यात आहे, याचा नकाशा ती सतत बदलत असते, आणि वीज नेमकी त्या क्षणी गेली तर नकाशाच अर्धवट राहू शकतो. सर्व्हरच्या एसएसडीत यासाठी खास कपॅसिटर, म्हणजे क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारे भाग, बसवतात, घरगुती एसएसडीत ते बहुधा नसतात. 2013 साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्सच्या संशोधकांनी 15 एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हापुन्हा तोडली. 13 एसएसडींमध्ये बिघाड दिसले. माहिती खराब होण्यापासून ड्राइव्ह पूर्ण निकामी होण्यापर्यंत. ती मॉडेल्स आता जुनी झाली, पण नकाशाची ती रचना आजही तशीच आहे.

‘ऑटोसेव्ह आहे, फाइल सिस्टिम स्वतःला सावरते.’ सावरते, पण काय? विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी4 या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडण्याच्या पद्धती) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवतात ती मुख्यतः फाइलचं नाव, आकार, जागा यांची. आतल्या मजकुराची हमी त्या देत नाहीत. मी हे स्वतः भोगलंय. दिवे नुसते लुकलुकले आणि संगणक रीस्टार्ट झाला. फाइल जागेवर होती, नाव तेच, आकारही तोच. उघडली तर आत पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त शून्यं. ऑटोसेव्ह त्याच क्षणी ती लिहीत होतं.

‘इन्व्हर्टर तेच काम करतो.’ इथे सगळा प्रश्न मिलिसेकंदांचा आहे. वीज गेल्यावर संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. 50 हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढंही नाही. साधा ऑफलाइन यूपीएस (वीज गेल्यावरच बॅटरीकडे वळणारा) सहसा 2 ते 10 मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, तर ऑनलाइन यूपीएसमध्ये (सतत बॅटरीच्या मार्गानेच वीज देणारा) खंडच पडत नाही. पंख्या-दिव्यांसाठी बनवलेल्या इन्व्हर्टरला याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. पंख्याला ते कळतही नाही, संगणक मात्र बंद पडतो. काही इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असतं ते याचसाठी. ते असेल तर आधी सुरू करा आणि करून बघा.

‘पाच मिनिटांत काय होणार?’ या मुद्द्यावर माझा सर्वात जास्त आक्षेप आहे, कारण यात यूपीएसचं कामच चुकीचं धरलंय. तो काम चालू ठेवायला नसतो, काम नीट बंद करायला असतो. उघड्या फाइल सेव्ह करून संगणक बंद करायला दोन मिनिटं पुरतात. तुम्ही खोलीत नसलात तरी चालतं: यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला जोडा, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की शटडाउन होईल असं सेट करा. ही केबल अनेकांच्या खोक्यात तशीच पडून असते, आणि मग दोष यूपीएसला लागतो.

लॅपटॉपला यूपीएस नको, हे मात्र त्या मजकुरात बरोबर आहे. त्याची बॅटरी तेच काम करते.

‘तीन वर्षांत यूपीएस बिघडतो.’ बहुतेक वेळा बिघडते ती आतली लेड-ॲसिड बॅटरी. तिचं आयुष्यच साधारण तीन ते पाच वर्षांचं, उन्हाळ्यात तापणाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर आणखी कमी. फक्त बॅटरी बदलता येते. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच जोडू नका, तो तापताना खूप वीज खेचतो. दर काही महिन्यांनी सगळं सेव्ह करून यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा आणि उरलेल्या मिनिटांचा आकडा बघत बसा. तो भराभर खाली आला, तर बॅटरी बदला.