पस्तीस लिही म्हणलं तर ५३

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आलेला आमच्याकडं साताऱ्याला. तिसरीत आहे. पंधराचा पाढा न अडखळता म्हणतो, म्हणून कौतुकानं दुकानात बसवला आणि उधारीची वही दिली हातात. मी आतनं ओरडलो, आजींच्या नावावर पस्तीस लिही रे, पाव किलो शेंगदाणे. चार दिवसांनी आजींना हिशोब सांगितला तर त्या भडकल्याच, "आरं पस्तीसचं शेंगदानं न्हेलं हुतं म्या, त्रेपन्न कुठनं आलं?" वही बघतो तर खरंच ५३.

आधी पोराला झापला. रात्री डोक्यात आलं की त्यानं जसं ऐकलं तसंच लिहिलंय की. पस्तीस म्हणताना पाच आधी येतो, तीस मागनं. एकोणसाठ तर अजून अवघड, ऐकू येतो साठ आणि लिहायचा पाच. जतकडच्या कन्नड पोरांना ही भानगड नाही, ते मूवत्तैदु म्हणतात, तीस आधी पाच नंतर, बोलतात तसंच लिहितात.

आणि मग जरा लाजच वाटली. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'तीस पाच' असं दिलं तेव्हा केवढा दंगा झालेला. मंगला नारळीकर मॅडम गणित समितीच्या अध्यक्ष, त्या सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही आहेत, पण ऐकतंय कोण. मराठी बुडाली म्हणून जोक फिरवणाऱ्यात मी पण होतो, पुस्तक न उघडताच.

दुसऱ्या दिवशी खराट्याच्या काड्या मोडल्या, दहा-दहाला रबर लावलं. तीन गठ्ठे, पाच सुट्ट्या. "तीस... पाच." मग हळूच, "म्हणजे पस्तीस होय मामा?" पाढे पाठ असलेल्या पोराला दशक म्हणजे दहाचा गठ्ठा हे तिसरीत पहिल्यांदा दिसलं!

वाचनाचं पण तेच निघालं. पुस्तकातली कविता एका दमात, मी पान हातानं झाकलं तरी गाडी चालूच. पण साबुदाण्याच्या डब्यावरची चिठ्ठी वाच म्हणलं तर "साबण". पहिलं अक्षर बघायचं आणि ठोकून द्यायचं. अ पासून ज्ञ पर्यंत घोकलंय, मग बाराखडी घोकलीय, पण ही अक्षरं जोडून शब्द होतो हे मधल्यामधे राहून गेलं. आपल्याच जिल्ह्यात फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन बाईंनी किती वर्षं हेच काम केलं, थोडी अक्षरं, त्याच्याबरोबरच मात्रा, की लगेच शब्द. मी आपलं म क ल र आणि काना एवढंच घेतलं. मका, माल, काल, कार, लाल. दोन दिवसात पोरगं पिशव्यांवरचे शब्द स्वतःहून फोडायला लागलं.

शाळेतल्या बाईंना दोष देत नाही हां, कुणी कमेंटमधे सुरू होऊ नका. एकटी बाई दोन वर्ग सांभाळते, त्यात खिचडीचा हिशोब, ऑनलाईन माहिती, मतदारयाद्या. माझं म्हणणं एवढंच की ज्याला शब्द फुटत नाही त्याच्यापुढं तिसरीचा धडा ठेवून काय होणार? रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवा, कुणाला अक्षरं येतात, कुणाला शब्द, कुणाला उतारा, तसे गट पाडा आणि तिथनं शिकवा. शिक्षणात काम करणारे 'प्रथम' संस्थावाले किती वर्षं हेच सांगतायत. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ ला आलं, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक पोराला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत असं त्यात लिहिलंय. मग पोर्शन संपवायची एवढी घाई कशाला? आणि आपण पालक तरी काय विचारतो, पाढे कितीपर्यंत आले? मी पण तेच विचारायचो.

सुट्टी संपली, काड्यांचे गठ्ठे त्याच्या दप्तरात घालून दिले. परवा बहिणीचा फोन, "दादा, तू काय शिकवलंस रे, सोळाचा पाढा मागं पडलाय म्हणतायत शाळेत."