ड्रमरचे बाबा

"काका, तुमचा मुलगा कोणत्या बँडमध्ये आहे?"

हा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने चेहरा पांढराफटक रंगवला होता. डोळ्यांभोवती काळी वर्तुळे आणि ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत काळे ओघळ काढलेले होते, आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढवलेल्या चामडी पट्ट्यातून बोटभर लांबीचे खिळे चहूबाजूंनी बाहेर आले होते. इतका सरंजाम केल्यावर माणसाने निदान एखादा शाप तरी द्यावा; पण त्याचा स्वर कमालीचा आर्जवी होता. माझे केस पिकलेले आहेत आणि मी इस्त्री केलेला चौकटीचा शर्ट घातला होता, एवढ्या पुराव्यावर त्याने माझा निकाल लावून टाकला होता.

बारमध्ये ब्लॅक मेटल या हेवी मेटल संगीताच्या एका काळ्याकुट्ट प्रकाराचे चार बँड वाजवणार होते आणि मी रीतसर तिकीट काढून ते ऐकायला गेलो होतो. "माझा मुलगा नाही. मी स्वतः ऐकायला आलो आहे," असे मी शक्य तितक्या थंडपणे सांगितले. त्यावर तो समजूतदार हसला, तेव्हा त्याच्या गालावरच्या पांढऱ्या रंगाला भेग पडून एक बारीक खपली त्याच्याच ग्लासात पडली.

"सगळेच बाबा असं म्हणतात, काका. लाजायचं काय त्यात? तुम्ही आलात हेच केवढं मोठं आहे. तिसऱ्या बँडचा ड्रमर ना? मला बघताक्षणीच कळलं. नाक अगदी सेम आहे."

तिसऱ्या बँडचा ड्रमर त्या वेळी नखशिखांत रंगवलेल्या अवस्थेत कोपऱ्यात उभा होता आणि त्याचे नाक कोठे सुरू होते हेही मला दिसत नव्हते. मी तसे म्हणालो, तर "रंगाखालूनसुद्धा कळतं, काका," असे उत्तर मिळाले. आपल्याला नसलेला मुलगा नाही हे सिद्ध करण्याचा कोणताही दाखला जवळ बाळगण्याची पद्धत नसल्यामुळे मी गप्प बसलो आणि ती संमती समजली गेली.

त्यानंतर त्याने माझा ताबाच घेतला. प्रथम माझ्यासाठी एक उंच स्टूल आणले. मग खिशातून नारिंगी रंगाचे फोमचे इअरप्लग काढले आणि ते चिमटीत कसे लोळवायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत कसे सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने कसे धरून ठेवायचे, याचे प्रात्यक्षिक त्याने स्वतःच्या कानावर करून दाखवले. ते करत असताना त्याच्या पट्ट्यावरचा एक खिळा माझ्या बाहीत अडकला. सैतानाच्या नावाने शपथा वाहणाऱ्या संगीताचा हा उपासक नंतर कितीतरी वेळ मान वाकडी करून, जीभ दातांत धरून, माझ्या शर्टाचा एकेक धागा त्या खिळ्यावरून अलगद सोडवत बसला. "फाटलं नाही काका, फक्त सूत ओढलं गेलंय. उलट्या बाजूने सुईने आत ओढून घ्या." हेही त्यालाच माहीत! त्याच्या काळ्या टीशर्टाला फॅब्रिक सॉफ्टनरचा मंद वास येत होता. मेहेम या नॉर्वेजियन ब्लॅक मेटल बँडचा, 'डेड' असे टोपणनाव घेतलेला गायक प्रेताचा वास यावा म्हणून कार्यक्रमाआधी आपले कपडे जमिनीत पुरून ठेवत असे, ती परंपरा आता इथवर येऊन पोहोचली आहे.

हे सगळे मी सहन केले असते. पण त्याने मला ब्लॅक मेटल समजावून सांगायला घेतले. "हे काय आहे ना काका, नव्वदच्या दशकात नॉर्वेत सुरू झालं. तिथे त्यांनी चर्च वगैरे जाळली होती, पण घाबरू नका, आपली पोरं चांगली आहेत." मी इअरप्लगच्या आत दात आवळले. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने १९८२ मध्ये 'ब्लॅक मेटल' याच नावाचा अल्बम काढला आणि या प्रकाराला नाव मिळाले ते तिथून. स्वीडनच्या बाथरी या बँडचा पहिला अल्बम १९८४ मधला. मेहेमची स्थापनाही त्याच वर्षीची. म्हणजे नॉर्वेतली पोरे चर्च जाळण्याच्या वयाची होईपर्यंत या संगीताला चांगली दहा वर्षे उलटून गेली होती. हे मी त्याला सांगितलेही. तो कौतुकाने म्हणाला, "वा! मुलासाठी एवढं वाचून आलात?"

माझा खरा राग इथे आहे. ज्यांनी हे संगीत उभे केले ते आज पन्नाशी-साठीत आहेत. नॉर्वेच्याच डार्कथ्रोन या बँडचा ड्रमर फेनरिझ १९७१ चा. तो कित्येक वर्षे टपाल खात्यात नोकरी करत होता आणि पुढे ओस्लोजवळच्या आपल्या गावच्या स्थानिक परिषदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडूनही आला. मांजर मांडीवर घेऊन काढलेल्या फोटोखाली 'मला मत देऊ नका' असे लिहून त्याने केलेल्या या प्रचाराची बातमी २०१६ मध्ये जगभर गेली होती. हा गृहस्थ चौकटीच्या शर्टात या बारमध्ये आला असता, तर त्यालाही स्टूल देऊन इअरप्लग लोळवायला शिकवले असते. सर्व प्रकारची बंधने झुगारण्याची भाषा करणाऱ्या या मंडळींत पिकल्या केसांना मात्र पालक याखेरीज दुसरी जागाच नाही.

दरम्यान कार्यक्रम सुरू झाला, अर्थात तिकिटावरच्या वेळेनंतर पुष्कळ उशिराने. चार बँड आणि ड्रमचा एकच संच, अशी व्यवस्था असल्यामुळे प्रत्येक बँडचा ड्रमर येऊन आधीच्याने लावलेल्या झांजा आणि आसन इंचाइंचाने सरकवत होता आणि वाजवण्याइतकाच वेळ या सरकवासरकवीत जात होता. रंगमंच म्हणजे वीतभर उंचीचा ओटा. त्यावर गुलाबी निऑनमध्ये 'हॅपी अवर्स' असे झळकत होते, कारण तो दिवा आणि अँप्लिफायर एकाच स्विचवर होते. जगाच्या अंताची घोषणा त्या गुलाबी उजेडात होताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. छत इतके खाली होते की गायकाला नाट्यमय रीतीने हात वर करताच येईना, म्हणून तो ते पुढे पसरत होता आणि पहिल्या रांगेतले लोक खिळे चुकवत होते.

आवाजाबद्दल तर लेखी तक्रारच करायला हवी. ब्लास्ट बीट या ड्रमच्या तुफानी ठेक्यात मिनिटाला दोनशेच्या वर ठोके पडतात, त्यावर गिटारची ट्रेमोलो पद्धतीची, म्हणजे एकच स्वर झपाट्याने पुन्हा पुन्हा छेडण्याची, अखंड करकर असते; या दोहोंचा तोल साधला, तर समोर खरोखरच एक थंडगार भिंत उभी राहते आणि त्या भिंतीतून मागची संथ, उदास चाल झिरपू लागते. त्या चालीसाठीच मी जातो. इथे मला ड्रम ऐकू आले, ड्रमच्या मागे ड्रम ऐकू आले आणि गिटारवादकांची बोटे हलताना दिसली. ध्वनियंत्रणेजवळच्या माणसाला विचारले, तर तो म्हणाला, "हे असंच ऐकायचं असतं." जुन्या ध्वनिमुद्रणांतला मुद्दाम राखलेला खरखरीतपणा हा एक निर्णय होता, एका बाजूचा स्पीकर बंद असणे हा निर्णय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. ती ओलांडायचीच असेल, तर निदान दोन्ही कानांनी ओलांडता यावी.

तिसरा बँड आला. माझा पालनकर्ता मधल्या काळात रंगमंचामागे जाऊन आला होता. त्याने मला अंगठा दाखवला, तेव्हाच पोटात गोळा यायला हवा होता. दोन गाण्यांनंतर धुराच्या यंत्राने सगळे झाकून टाकले आणि त्या धुरातून गायकाने, अख्ख्या कार्यक्रमातले मला स्पष्ट कळलेले एकमेव वाक्य, नरकाच्या तळातून यावे तशा किंकाळीत फेकले: "आमच्या ड्रमरचे बाबा आज इथे आलेत! त्यांच्यासाठी जोरदार आवाज!"

माझ्यावर दिवा टाकण्यात आला. दीडदोनशे रंगवलेले चेहरे वळले आणि शिंगांची खूण करून ओरडू लागले. ड्रमर डोळ्यांवर हात आडवा धरून माझ्याकडे निरखून पाहत राहिला. त्याहून वाईट म्हणजे, पहिल्या रांगेत मोकळे केस सोडून सुरुवातीपासून जिवाच्या आकांताने मान हलवणारी एक बाई थांबली, वळली आणि मला आपादमस्तक न्याहाळून शेजारच्याला म्हणाली, "हे नाहीत ते." ती ड्रमरची आई होती. तिचे वय साधारण माझ्याएवढेच असावे. पण तिच्या अंगात बँडचा टीशर्ट होता, म्हणून तिला कोणीही स्टूल दिले नव्हते.

माझ्या रंगवलेल्या सेवकावर याचा यत्किंचितही परिणाम झाला नाही. तो माझ्या कानाशी येऊन हळुवारपणे म्हणाला, "असू दे काका. घटस्फोट वगैरे झाला की असं होतं."

शेवटचा बँड खरोखर चांगला होता. त्यांनी स्वतःचा ध्वनियंत्रक आणला होता, दुसरा स्पीकर जिवंत झाला, आणि एक संथ लांबलचक गाणे तर असे लागले की मी स्टूल सोडून उभा राहिलो. लगेच मागून दोन हातांनी मला "पडाल, काका" म्हणत पुन्हा बसवले.

निघताना मी विक्रीच्या टेबलापाशी गेलो आणि त्याच शेवटच्या बँडचा टीशर्ट मागितला. टेबलामागचा मुलगाही रंगवलेला होता. त्याने साइज विचारला. मी "डबल एक्सएल," असे ठणकावून सांगितले.

"अरे वा, चिरंजीव भक्कम दिसतात," तो घडी नीट करत म्हणाला. "गिफ्ट पॅक करू का?"