पेल्यातला धूर आणि पेल्यातली चव

मायदेशातील मित्रमंडळींशी प्रायोगिक कॉकटेलविषयी बोलणे निघाले, की ते हमखास द्रव नायट्रोजनमुळे पेल्यातून उसळणाऱ्या पांढऱ्या धुरापाशी येऊन अडते. काहींना त्या धुराचे अपार कौतुक, तर काहींचा ‘हे सारे बंदच करा’ असा आग्रह. हा आग्रह निराधार नाही. 2017 मध्ये गुरुग्राम येथे द्रव नायट्रोजन असलेले पेय प्यायल्याने एका माणसाच्या जठराला भोक पडले आणि त्यानंतर हरियाणा सरकारने खाद्यपेयांतील त्याच्या वापरावर बंदी घातली. उणे 196 अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव वायुरूप होताना सुमारे 700 पट फुगतो. पोटात जागा ती किती असणार!

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये हे आधीच घडले होते. 2012 मध्ये लँकेस्टरमधील एका बारमध्ये असेच पेय प्यायलेल्या तरुणीचे जठर काढून टाकावे लागले. 2015 मध्ये न्यायालयाने बारच्या मालक कंपनीला 1 लाख पौंड दंड केला, परंतु सरसकट बंदी आली नाही. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या पेयात त्या द्रवाचा अंशही उरू नये, ही जबाबदारी विकणाऱ्याचीच राहिली. नायट्रोजन पूर्ण उडून गेल्यावर पेय दिले तर धोका बराच ओसरतो, पण त्याबरोबर तमाशाही ओसरतो, आणि पुष्कळ बारवाल्यांना तोच तर विकायचा असतो.

अशा प्रयोगांचे मूळ असलेल्या विद्याशाखेला भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती आणि रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी 1988 मध्ये ‘मॉलिक्युलर गॅस्ट्रोनॉमी’ (रेणवीय पाकशास्त्र) या धर्तीचे नाव दिले, तेव्हा त्यांचे कुतूहल स्वयंपाकात पदार्थाचे नेमके काय होते, याविषयी होते. त्या कुतूहलाला साजेशी तंत्रे डोळ्यांना फारशी दिसतच नाहीत. आंबट मद्यमिश्रण दुधात ओतले की दूध फाटते, केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या गुठळ्या टॅनिन या तुरट द्रव्याला धरून ठेवतात आणि सावकाश गाळल्यावर निवळशंख, तुरटपणा गेलेले पेय हाती येते. बेंजामिन फ्रँकलिनने 1763 मध्येच अशा ‘पंच’ची, म्हणजे मिश्र मद्यपेयाची कृती एका मित्राला लिहून पाठवली होती, तेव्हा यात नवे काय, असे कोणी विचारले तर मी वाद घालणार नाही. अल्जिनेट या समुद्री शेवाळातल्या द्रव्याच्या पातळ पडद्यात मद्य कोंडून केलेल्या गोळ्या मात्र मला पहिल्या घासापुरत्याच गमतीच्या वाटतात.

म्हणून द्रव नायट्रोजनवरील निर्बंधांना माझा विरोध नाही. मला खटकते ते एवढेच, की त्या धास्तीत दुधाने निवळलेले किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरून गाळ वेगळा करणाऱ्या यंत्रात, फिरवलेले पेयही ‘रसायनांचा खेळ’ म्हणून झिडकारले जाते. वास्तविक दुधाने निवळलेल्या पेयाबाबत ग्राहकाला सांगायची महत्त्वाची गोष्ट अगदी साधी असते, ती म्हणजे पेय कितीही पारदर्शक दिसले तरी त्यात दुधाची काही प्रथिने उरतात आणि दुधाची ॲलर्जी असलेल्याने ते पिऊ नये.