फळ्यासमोर सर, माउस पोरीच्या हातात

काल टपरीसमोरच्या कट्ट्यावर चहा निवून गेला, वाद काही मिटला नाही. विषय मीच काढला होता. नववीच्या वर्गात जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर उघडलं, त्रिकोणाचा बिंदू सरकवायचा कसा ते सापडेना, तेव्हा सरळ मुलांनाच विचारलं, एवढंच सांगितलं.

अण्णा तडकले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. "अरे, पोरांसमोर 'मला येत नाही' म्हणायचं? घरी शिकून मगच वर्गात पाऊल टाकायचं. उद्या तुझं ऐकेल कोण?"

"अण्णा, मला बटण येत नव्हतं. त्रिकोण येत होता."

मग पुढचं सांगितलं. एका मुलीनं शिरोबिंदू धरून ओढत नेला. बाजूंचे लंबदुभाजक आधीच काढलेले, ते जिथे मिळतात तो बिंदू, म्हणजे परिकेंद्र, त्रिकोणाच्या आत. ती ओढेल तसं ते सरकत सरकत कर्णाच्या मध्यावर आलं, आणि कोन ९० अंशांच्या पुढे जाताच त्रिकोणाबाहेर पडलं. वर्ग ओरडला, "सर, बिघडलं!" बिघडलं काहीच नव्हतं. विशालकोन त्रिकोणाचं परिकेंद्र बाहेरच असतं. मी हे दरवर्षी तीन वेगळ्या आकृत्या काढून सांगतो, मुलं उतरवून घेतात. परवा पहिल्यांदा 'का?' असं त्यांनी विचारलं. मग खडू घेतला आणि अर्धवर्तुळातल्या काटकोनापासून सुरुवात केली.

"म्हणजे शेवटी खडूच लागला," अण्णा म्हणाले.

लागलाच. पण प्रश्न त्यांचा होता, आणि तो पडायला बिंदू हलावा लागला.

मोबाइल दुरुस्तीवाले बापू माझ्या बाजूचे. त्यांनी डिसले गुरुजींचं नाव काढलं. परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, पुस्तकातले क्यूआर कोड, २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटले. "खेड्यातला शिक्षक करू शकतो ना?" बापूंचा सवाल. अण्णांनी लगेच धरलं, "ते इंजिनिअरिंग सोडून शिक्षकीकडे वळले होते. पन्नाशीतल्या मास्तराला त्यांच्या पंगतीला बसवू नका." हे मला पटलं. आमच्यातल्या बहुतेकांना प्रशिक्षणात पडद्यावर कुणीतरी माउस हलवताना दिसतो, स्वतःचा हात लागतच नाही. काठावर बसून पोहणं येतं का? म्हणूनच वर्गात मुलांकडून शिकावं लागतं, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

इतका वेळ गप्प असलेल्या ताई, प्राथमिक शाळेत शिकवतात, त्यांनी मात्र मला अडवलं. "मुलांकडून म्हणजे कोणत्या मुलांकडून? ज्याच्या घरी फोन आहे, तोच पुढे पळतो." त्यांनी 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४च्या अहवालातला आकडा सांगितला: ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे.

मी गप्प झालो. कारण त्या मुलीच्या आधी माउसकडे दोन मुलगेच धावले होते, नेहमीचेच. त्यांना खाली बसवून मी तिला बोलावलं होतं. ती आधी नको म्हणाली होती. आज बोलावलं, उद्या विसरलो तर वर्गाचे शिक्षक तेच दोघे होतील. म्हणून ठरवलंय, हजेरीपटाच्या क्रमानं रोज एकजण. ज्याला येत नाही त्याला बाकीचे जागेवरून सांगतील, हात लावायचा नाही. मीही त्याच्या शेजारी उभा राहून शिकणार.

"एकेकाला माउस धरायला शिकवत बसलास," अण्णा उठता उठता म्हणाले, "तर पोर्शन कधी पुरा करणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सोमवारी हजेरीपटातल्या पहिल्या मुलाचा नंबर आहे. त्यानं अजून एकदाही माउस हातात धरलेला नाही.