तालुक्याच्या कॉलेजातलं व्याख्यान

विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंधांवर एक व्याख्यान ठरलं होतं. त्यानंतर तासभर परदेशी शिष्यवृत्त्यांची माहिती. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, "कापूस येचनाऱ्याच्या पोट्टायले हे कायले पाह्यजे? तलाठी भरतीचं मार्गदर्शन ठेवा ना बावा." व्याख्यान रद्द झालं. लिहिणारे माझ्याच बाकावरचे. सकाळच्या श्ट्रासेनबानमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, ते वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

कापूस वेचणाऱ्याच्या पोरालाच तर हे आधी पाहिजे.

मी ब्रेमेनला राहतो. जर्मनीत कापसाचं बोंडही होत नाही, पण इथं 1872 पासून कापसाचं एक्स्चेंज आहे आणि मालाच्या प्रतीवरून तंटा झाला तर त्याचा निवाडा इथं होतो. एकदा मला तिथं नमुने पाहायला मिळाले. एका म्हाताऱ्या माणसानं चिमूटभर रुई घेतली, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढली, पुन्हा जुळवली, पुन्हा ओढली. मला आमच्या जिनिंगच्या फाटकात बंडीजवळ उभे असलेले बाबा दिसले. तिथला ग्रेडरही असाच धागा ओढायचा, "कवडी हाय", म्हणजे माल खराब आहे, म्हणायचा आणि क्विंटलमागे पैसे कापायचा. बाबा काही बोलायचे नाहीत. बोलायला काय माहीत असावं लागतं, हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर घेतले. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे गरीब देशही 2003 मध्ये याच अनुदानांविरुद्ध तिथं उभे राहिले. ते कागद कोणीतरी शिकलेल्यानंच लिहिले ना? आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. म्हणजे ऐन शितादहीच्या, पहिल्या वेच्याच्या दिवसांत. आंतरराष्ट्रीय संबंध आमच्या धुऱ्यावर येऊन उभे आहेत, आणि त्यांवर कॉलेजात एक तासही बोलायचं नाही?

भाऊसाहेब पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. एडिंबरा, ऑक्सफर्डला शिकून आले, देशाचे कृषिमंत्री झाले आणि 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. त्यांच्या जयंतीला हार घालणारे हात तेच, आणि ग्रुपवर लिहिणारेही तेच.

इथल्या शेतकऱ्यांची मुलं तिसऱ्या सेमेस्टरला इरास्मसवर, म्हणजे युरोपच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून, स्पेनमधल्या सेव्हिलला जातात. खुल्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत सत्तरीच्या आज्या वही घेऊन बसतात. याचा उपयोग काय, असं कोणी विचारत नाही. आता, इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्कच नाही आणि आपल्याकडे तलाठ्याच्या पगारावर घर उभं राहतं, हे मलाही कळतं. दोन एकर कोरडवाहूत ज्याचं शिक्षण झालं, त्याला पक्की नोकरी सोडून स्वप्नं बघ असं मी म्हणणार नाही. भरतीचं शिबिर ठेवाच. पण दुसरं दार आहे एवढं तरी दाखवा. युरोपात पदव्युत्तर शिकायला मिळणारी इरास्मस मुंडुसची शिष्यवृत्ती महिन्याला 1400 युरो असते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मला ते दार राज्यशास्त्राच्या सरांनी दाखवलं, नोटीस बोर्डावर टाचणीनं लावलेल्या एका प्रिंटआउटनं. शेवटच्या तारखेला अकरा दिवस उरले होते.

त्याच सरांनी मला दोनदा फोन केला, "ऑनलाइन बोल पोरांशी." दोन्ही वेळा थिसिसचं कारण सांगितलं. खरं तर मला भीती वाटत होती. इथल्या सेमिनारमध्ये मी विदर्भावर तासभर बोलतो, सगळे मान डोलावतात. पण सहा वर्षांत एकदाही वेच्याच्या वेळी मी गावात नव्हतो. ग्रुपवरच्यांवर चिडायचा हक्क मला किती, हे त्या फोनमुळेच टोचतं.

काल सरांना मीच फोन केला. येत्या शनिवारी, गावच्या चार वाजता. अर्जच स्क्रीनवर उघडून एकेक रकाना भरून दाखवणार आहे. कोणी विचारलंच, "दादा, तुमी वापस कवा येता?" तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.