‘मला फरक पडला’ म्हणजे माल खरा?

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या जिमवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर रिसर्च पेप्टाइडबद्दल, म्हणजे ‘संशोधनासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पण जिमवाले इंजेक्शनने घेतात त्या प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांबद्दल, एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘रिसर्च पेप्टाइड ऑनलाइन मागवायला घाबरू नका. ९९ टक्के शुद्धतेचा रिपोर्ट, वेळेत पार्सल आणि चार जणांचा “मला फरक पडला” असा रिव्ह्यू, एवढं जुळलं की विक्रेता खरा. वाईट लिहिणारे दुसऱ्या विक्रेत्याची माणसं.’

सगळी भिस्त ९९ वर आहे, म्हणून आधी तेच. हा आकडा बहुधा एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा असतो. नमुन्यात चाचणीला जे दिसलं, त्यातला मुख्य पदार्थ किती टक्के, एवढंच ती सांगते. तो पदार्थ नेमका कोणता, हे कळायला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजणारी चाचणी लागते. बीपीसी-१५७ (दुखापत भरावी म्हणून घेतलं जाणारं पेप्टाइड) असेल तर वस्तुमान १४१९ डाल्टनच्या (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) आसपास यायला हवं, सेमाग्लुटाइड (मधुमेहाचं आणि वजन कमी करण्याचं औषध) असेल तर ४११४ च्या. लेबलवरचे ५ मिलिग्रॅम कुपीत खरंच आहेत का, हेही ९९ वरून कळत नाही. सुकवलेल्या पावडरीत पाणी आणि क्षारही असतात. जंतू आणि एंडोटॉक्सिनच्या (जंतूंपासून येणाऱ्या विषाच्या) चाचण्या तर वेगळ्याच. त्यात रिपोर्टवरचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) कुपीवर नसेल, तर तो कागद कुठल्याही मालाचा असू शकतो. देवगडची छापील पेटी उघडून निदान वास तरी घेता येतो, पांढऱ्या पावडरीला तीही सोय नाही. ‘हा लॉट मी स्वतः लॅबला पाठवला, खर्च माझा, हा पूर्ण निकाल’ असं सांगणारा एक रिव्ह्यू म्हणूनच पन्नास पंचतारांकितांना भारी. तोही त्या लॉटपुरताच.

वेळेत पार्सल आलं, हे कौतुक कुरिअरवाल्याचं. भर जुलैत घाटातून आलं असेल तर जास्तच.

आता ‘फरक’. कबड्डीत गुडघा दुखावला, दीड महिना मैदान बंद, सोबत पेप्टाइड. गुडघा सुधारला. कशामुळे? विश्रांतीनेही दुखणं ओसरतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. बीपीसी-१५७ वरचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे, माणसांवरचे अगदी थोडे. शिवाय २०२२ पासून ते वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीत आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या पोराला ही ओळ रिव्ह्यूत दिसायलाच हवी. ती सहसा नसते, डोस मात्र असतो. विक्रेता लेबलवर ‘मानवी वापरासाठी नाही’ छापून मोकळा, आणि इंजेक्शन कसं घ्यायचं ते गिऱ्हाईक फुकटात शिकवतंय! सेमाग्लुटाइडला औषध म्हणून मान्यता आहे हे खरं, पण ती मान्यता ठरावीक कंपन्यांच्या तपासलेल्या औषधाला. अनोळखी कुपीला नव्हे.

‘इतके लोक खोटं कशाला बोलतील?’ खोटंच बोलावं लागतं असं नाही. पुढच्या ऑर्डरवर सूट मिळणार असेल, तर फुटलेलं सील लिहायचं राहून जातं. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं त्यात आहे. पण आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. तेव्हा माल स्वतःच्या पैशाने घेतला की फुकट मिळाला, हे रिव्ह्यूच्या पहिल्याच ओळीत यावं.

राहिली दुसऱ्या विक्रेत्याची माणसं. असतात, नाही कशाला म्हणा! पण मग हाच संशय स्तुतीवरही घ्यायला हवा. त्या मेसेजच्या तळाशी दहा टक्के सवलतीचा कूपन कोड आहे. तो कोणाच्या नावाचा, ते मेसेज पाठवणाऱ्याला आधी विचारा.